इंदिराच्या शेवटच्या प्लेटा

फोन आला तेव्हा श्रीपाद गद्रेचे दोन्ही हात वार्निशने माखलेले होते. लोणावळ्यात वलवणच्या रस्त्यावर त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. बंगल्यांचे पाण्याचे पंप, हॉटेलांचे मोठे मिक्सर, एखाद्या गिरणीची मोटर, जे काही जळेल ते त्याच्याकडे यायचं आणि तो ते तांब्याच्या नव्या तारेनं पुन्हा भरून द्यायचा. त्या सकाळी एका पंपाचं नवं वायंडिंग त्यानं नुकतंच वार्निशमधून काढून निथळायला टांगलं होतं. फोनवर इंदिराचं नाव दिसलं. त्यानं करंगळीनं फोन घेतला आणि म्हणाला, "बोल. डबा विसरलीस ना?"

पलीकडून एक पुरुष बोलला. "आपण श्री दुकान का?"

"कोण बोलतंय?"

"मी रिक्षावाला बोलतोय, तळेगाव स्टेशनवरनं. ह्या फोनवर शेवटचा नंबर श्री दुकान म्हणून आहे. काका, ह्या मॅडम तुमच्या कोण?"

"मिसेस."

"त्या पुलाच्या पायऱ्यांवर बसल्या आणि तशाच कलंडल्या. आम्ही दोघा-तिघांनी उचलून दवाखान्यात आणलंय. तुम्ही या." तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला तरी बरोबर घेऊन या, काका. एकटे येऊ नका."

त्या वाक्यानं श्रीपादला जे कळायचं ते कळलं. शेजारच्या किराणावाल्यानं गाडी काढली. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं सांगितलं की डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, इथे आणण्याआधीच सगळं संपलं होतं, त्रास फार झाला नसावा. परिचारिकेनं इंदिराची पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवीत छत्री, चष्म्याचं घर आणि डबा होता. ती डबा विसरली नव्हती.

इंदिरा वराळ्याच्या बाजूला असलेल्या एका संशोधन संस्थेत होती. रोज सकाळी लोणावळ्याहून गाडी धरून ती तळेगावला उतरायची आणि पुढे रिक्षानं जायची. आजार करणाऱ्या जंतूंवर तिचं काम चालायचं, आणि त्यातही एकाच जंतूवर. लोक त्याच्या आजाराला लेप्टो म्हणतात. उंदराच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाच्या भेगेतून अंगात शिरतो. मग ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे पिवळे होतात आणि नशीब वाईट असेल तर लघवी बंद होते. मावळात आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत दर वर्षी कुणी ना कुणी त्यानं आडवं होतं. काही उठतात, काही उठत नाहीत.

तो जंतू माणसाला नेमका कशानं मारतो, हे कुणाला धड माहीत नव्हतं. इंदिराला तेच शोधायचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तिनं श्रीपादला ते कितीदा तरी समजावलं होतं आणि त्याला ते कधी कळलं नव्हतं. शेवटी एकदा त्यानंच विचारलं, "म्हणजे मेनबोर्डाचा एकेक फ्यूज काढायचा आणि कुठली खोली अंधारात जाते ते बघायचं, असंच ना?"

"तेच," ती म्हणाली होती. "जंतूच्या अंगात हजारो जनुकं असतात. एकेक बंद करून बघायचं. जे बंद केल्यावर आजार होणार नाही, ते आपलं. दुसऱ्या जंतूंमध्ये लोक हे कधीपासून करतात. पण ह्या घराला दारच नाही रे. बाहेरचं काही आत घेतच नाही तो."

म्हणून इंदिरानं आधी हत्यार बनवायला घेतलं. डीएनएचा एक लहानसा गोल तुकडा. त्यावर तिनं एक प्रकारचं बटण बसवलं होतं. हवं ते जनुक त्यानं गप्प करता यायचं. परदेशातून आलेला एक जुना माणसाळलेला जंतू होता, त्यात ते बटण बसलं. तेव्हा संस्थेत पेढे वाटले गेले. पण तो जुना जंतू वर्षानुवर्षं बाटलीत राहून आजार करायचाच विसरला होता. त्याची जनुकं बंद करून कळणार काय? बटण बसायला हवं होतं ते खऱ्या जंतूत, आणि खरा जंतू तिच्याकडे एकच होता, मावळातला. तो नंदाबाईच्या रक्तातून आला होता.

नंदाबाई कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूच्या एका गावातली. काही वर्षांपूर्वी आवणी करता करता ती तापानं पडली, दवाखान्यात मशीनवर तिचं रक्त धुवावं लागलं, आणि ती वाचली. तिच्या रक्ताचे थोडे थेंब तिच्या परवानगीनं इंदिराकडे आले आणि त्यातून तो जंतू वाढला. कागदोपत्री त्याला एक नंबर होता. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला नंदाच म्हणायचे. "नंदाला खायला घातलं का?" "नंदा आज फार हळू आहे." श्रीपादच्या घरातही तेच नाव चालायचं.

नंदानं बटण कधीच घेतलं नाही. इंदिरा दर वेळी नवी युक्ती करायची, दर वेळी प्लेटा कोऱ्या निघायच्या. प्लेट म्हणजे काचेसारखी पारदर्शक चपटी डबी; तिच्यात खरवसासारखा थरथरणारा थर असतो आणि त्यात जंतू मारणारं औषध मिसळलेलं असतं. ज्या जंतूनं बटण घेतलं तोच त्या औषधात जगतो आणि थरात धुरकट ठिपक्यासारखा दिसू लागतो. बाकीचे मरतात. पण हा जंतू इतका सावकाश वाढतो की तो ठिपका यायला पाच-सहा आठवडे लागतात.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "लावल्या."

"काय लावलं?"

"प्लेटा. नंदाच्या."

"मग महिन्या-दीड महिन्यानं रडायचं."

"गप रे. या वेळी मी घाई केली नाही. बटण आत पोचवणारा दुसरा एक साधा जंतू आणि नंदा, दोघांना मी पुष्कळ वेळ एकत्र ठेवलं. अगदी शेजारी शेजारी. आणि थोडं थंड ठेवलं."

"तुझं बरं आहे. मी गिऱ्हाइकाला सहा आठवडे सांगितले तर तो दुकान पेटवेल."

"तुझं गिऱ्हाईक दारात उभं असतं. माझं खाचरात उभं आहे. त्याला माहीतही नाही की कुणी त्याचं काम घेतलंय." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "या वेळी येतील असं वाटतंय मला."

इतक्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. श्रीपादनं तेव्हा ते नीट ऐकलंही नाही. तो टीव्हीवर बातम्या बघत होता.

मुलगा वरद बंगळुरूहून आला. घर माणसांनी भरलं. इंदिराच्या संस्थेतले लोक आले, खाली मान घालून बसले आणि गेले. दोन-तीन दिवसांनी तिथल्या विभागप्रमुखांचा, कानिटकर सरांचा फोन आला. माणूस भला होता. आधी त्यांनी वरदची, घरातल्यांची चौकशी केली. मग ते म्हणाले, "गद्रेसाहेब, आत्ता विचारू नये, पण मॅडमचं टेबल, त्यांच्या वस्तू, त्यांचं कपाट... आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

श्रीपादच्या धंद्यात एक रीत होती. त्याच्या उस्तादानं ती त्याला शिकवली होती आणि दुकानात त्यानं ती कधी मोडली नव्हती. ज्यानं मोटर उघडली, त्याच्या टेबलावरच्या मोटरला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कुठली तार कुठून निघाली, कुठलं टोक कुठे जोडायचं, हे उघडणाऱ्यालाच ठाऊक असतं. दुसऱ्यानं मायेनंसुद्धा जरा आवरायला घेतलं तर सगळं वाया. कामगार महिनाभर गावाला गेला तरी त्याची मोटर त्याच्या टेबलावर तशीच पडून राहायची, धूळ खात.

"सर, एक विनंती आहे," श्रीपाद म्हणाला. "मी येईपर्यंत तिच्या कुठल्याही वस्तूला कुणी हात लावू नका. आहे तसं राहू दे."

"अगदी बरोबर," कानिटकर सर म्हणाले. "मी स्वतः लक्ष घालतो."

त्यांनी खरंच लक्ष घातलं.

दहावं झाल्यावर नंदाबाई आली. बरोबर तिचा नवरा अंबाजी होता. तिनं फडक्यात बांधून भाकरी आणि पिठलं आणलं होतं, आणि एका पिशवीत यंदाचा तांदूळ. दाराशी तिनं पदर डोळ्यांना लावला, मग सरळ आत येऊन स्वयंपाकघरात गेली आणि वरदला म्हणाली, "ताटं कुटं हायती रं बाळा? तुज्या बापानं काय खाल्लेलं दिसत न्हाई."

जेवताना ती समोर बसून राहिली. "आमाला उशिरा कळलं बगा. त्या अपूर्वाताईचा फोन आलता." अपूर्वा म्हणजे इंदिराच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. "बाई लय सादी हुती. दर साली आवणीच्या आदी यायची आन् गमबूट घाला, गमबूट घाला म्हनून डोकं खायची. मी म्हनलं, बाई, गमबूट घालून चिखलात पाय उचलून दावा की. तर उतरली खाचरात. गमबूट घालून."

"आन् निगाली येक बूट घालून," अंबाजी म्हणाला. "दुसरा तितंच ऱ्हायला."

"व्हय. आजून गावला न्हाई त्यो. नांगरताना बी न्हाई."

श्रीपाद हसला. इंदिरा गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. अंबाजीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

थोड्या वेळानं नंदाबाई म्हणाली, "भाऊ, इचारू का येक? त्ये माज्या रगतातलं जनावर हाय का मेलं?"

"आहे. जपून ठेवलंय."

"बगा की." ती जमिनीकडे बघत राहिली. "बाई गेली आन् त्ये हाय."

"नंदे," अंबाजी म्हणाला.

"काय खोटं बोलले का? बरं, त्येला त्ये बटान बसवायचं चाललं हुतं बाईचं. बसलं का?"

"अजून कळायचंय. तिनं जायच्या आदल्या दिवशीच प्लेटा लावल्यात. महिन्यानं वगैरे कळेल."

"मग मला सांगा. इसरू नका. माजंच हाय त्ये." उठताना तिनं भाकरीचं फडकं घडी करून घेतलं आणि दारातून म्हणाली, "बसलं असंल तर बाईला बरं वाटंल."

श्रीपादच्या मनात तोवर प्लेटांचा विचार होता, पण तो असा कुणी बोलून दाखवला नव्हता. त्या दिवसापासून मात्र तो विचार त्याला सोडीना. इंदिराचं सगळं थांबलं होतं. तिचा फोन बंद होता, तिच्या साड्या कपाटात होत्या, तिच्या चष्म्याचा नवा नंबर तसाच राहिला होता. तिनं हातानं सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं एकच काम होतं, आणि ते वराळ्याला एका उबदार कपाटात कुणाच्या मदतीशिवाय चाललं होतं. निदान त्याची तशी समजूत होती. इंदिरानं त्याला बटण समजावलं होतं, जनुक समजावलं होतं, पण प्लेटांची देखभाल कशी करतात हे कधी सांगितलं नव्हतं. रोजच्या कामाबद्दल कोण बोलतं? तोही तिला वार्निश कसं निथळतं ते सांगत नसे.

वरदची रजा संपत आली. "बाबा, माझ्याबरोबर चला. थोडे दिवस तरी."

"प्लेटा झाल्या की येतो."

"प्लेटा काय तुम्ही इथे नसलात तर उगवणार नाहीत का?"

"उगवतील रे. पण आई नाही, तर घरचं कुणीतरी बघायला नको का?"

वरदनं एकट्याची बॅग भरली. तो गेला. श्रीपादनं दुकान उघडलं. हिवाळ्याचे कोरडे दिवस होते. वार्निश लवकर वाळायचं. गिऱ्हाइकं नेहमीपेक्षा हळू बोलायची. एका हॉटेलवाल्यानं मिक्सर परत आणला, नीट चालत नाही म्हणून, आणि श्रीपादचा चेहरा बघून म्हणाला, "असू दे काका, चालतोय तसा." श्रीपादनं तो ठेवून घेतला आणि पुन्हा भरून दिला.

पाच आठवडे होऊन गेल्यावर त्यानं अपूर्वाला फोन केला. "येऊ का गं? आता दिसायला हवेत ना?"

तिकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "या काका. मी फाटकापाशी थांबते."

अपूर्वा तळेगावातल्या एका शिक्षकाची मुलगी होती. अंगानं बारीक, बोलायला बिचकणारी. तिनं त्याला जिन्यानं वर नेलं. लांबट खोली होती, पंख्याचा आवाज येत होता, खिडकीतून वराळ्याच्या नव्या इमारती दिसत होत्या. इंदिराच्या टेबलावर तिचा चहाचा कप होता. तळाशी वाळलेल्या चहाचं वर्तुळ होतं. पेनाचं टोपण काढलेलं होतं. सगळं जसंच्या तसं होतं. श्रीपादला क्षणभर बरं वाटलं.

मग त्याला ते कपाट दिसलं. पांढरं, फ्रीजएवढं. दारावर चिकटपट्टीनं कागद लावला होता. "डॉ. इंदिरा गद्रे यांचे साहित्य. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार कोणीही हात लावू नये." खाली कानिटकर सरांची सही.

"उघड," श्रीपाद म्हणाला.

"काका, तुम्ही उघडा."

त्यानं चिकटपट्टी नखानं सोडवली आणि दार ओढलं. आतून कोमट, कोरडी हवा तोंडावर आली. खालच्या कप्प्यात स्टीलचा ट्रे होता, रिकामा, तळाशी पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर. वरच्या कप्प्यात प्लेटा एकावर एक रचलेल्या होत्या. झाकणावर इंदिराच्या अक्षरात तारीख होती आणि "नंदा". ओल आत राहावी म्हणून कडेला गुंडाळलेली पट्टी वाळून सुटली होती.

त्यानं एक प्लेट उचलून उजेडात धरली. खरवसासारखा थर असायला हवा होता तिथे पापडासारखा पातळ, पिवळट पापुद्रा होता. कडेपासून सुटून आक्रसलेला, मधोमध तडकलेला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. तो एकेक करत सगळ्या बघत गेला. अपूर्वा भिंतीला टेकून उभी होती.

"हे असं असतं का?" त्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"नाही काका. सुकल्यात. ट्रेमध्ये पाणी घालत राहावं लागतं. पट्टी सुटली तर परत गुंडाळावी लागते. मॅडम दोन-तीन दिवसांनी बघायच्याच. त्यात हे हिवाळ्याचे दिवस."

"तुला माहीत होतं?"

"हो." ती रडू लागली, पण बोलायची थांबली नाही. "मी सरांना दोनदा विचारलं. सर म्हणाले, मिस्टरांनी स्वतः सांगितलंय, तेव्हा कागद काढायचा नाही. मी म्हटलं, मग त्यांना फोन करून विचारू का? तर म्हणाले, सुतक आहे घरात, पाणी घालू का म्हणून फोन करतात का? तेरावं होऊ दे. तेरावं झाल्यावर मी फोन हातात घेतला होता. पण मग वाटलं, तुम्ही येणारच आहात. मग वाटलं, आता फार उशीर झाला असेल. मग मला फोन करायचीच भीती वाटली."

"मीच म्हणालो होतो," श्रीपाद म्हणाला.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"पण मीच म्हणालो होतो ना."

कानिटकर सर आले. कपाटाचं उघडं दार बघून दारातच थांबले. मग आत येऊन त्यांनी प्लेटा बघितल्या आणि टेबलाच्या कडेला टेकले. "मी जीवशास्त्र शिकवतो," ते म्हणाले. "एवढं मला कळायला हवं होतं. मला वाटलं, त्यांच्या टेबलाला हात लावणं म्हणजे..." कुणीच कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर श्रीपादला कदाचित सोपं गेलं असतं.

"ह्यात काही आलं होतं की नाही, ते तरी सांगता येईल का?" त्यानं विचारलं. "सुकायच्या आधी?"

अपूर्वानं डोळे पुसले आणि एकेक प्लेट दिव्यापाशी नेऊन बघितली. एका प्लेटेच्या कडेला, जिथे पट्टी दुहेरी बसली होती, तिथे थर थोडा जाड राहिला होता. तिथे धुरकट असं काहीतरी होतं. ती बराच वेळ बघत होती.

"हा ठिपका आहे का?"

"असू शकेल. नाहीतर नुसता क्षार असेल. थर वाळताना असंच दिसतं." तिनं तो भाग अलगद काढून नव्या खाद्याच्या नळीत टाकला. "जिवंत असेल तर ह्यात वाढेल. पण वेळ लागेल, काका."

"लागू दे."

या वेळी पाणी, पट्टी, ऊब, सगळं अपूर्वा रोज बघत होती. रोज संध्याकाळी ती श्रीपादला एक निरोप पाठवायची. "आज काही नाही." तोही "बरं" एवढंच लिहायचा. शेवटी एक दिवस तिनं फोनच केला. नळीतलं पाणी स्वच्छ होतं. काही वाढलं नव्हतं.

"म्हणजे नव्हताच?" श्रीपादनं विचारलं.

"तसंही म्हणता येत नाही, काका. असेल आणि सुकून मेला असेल. किंवा नसेलच. आता ते कधी कळणार नाही."

श्रीपाद दुकानात बसला होता. समोर एका पंपाचा जळालेला सांगाडा होता. तो पुन्हा उघडून कुठे काय जळलं ते बोटानं दाखवता आलं असतं. इंदिराच्या कामात तसं नव्हतं. शेवटच्या खेपेला तिला जमलं होतं का, हे जगात कुणालाही माहीत नव्हतं आणि तिलाही माहीत नव्हतं. ती फक्त वाटतंय असं म्हणाली होती.

अपूर्वानं स्वतः तो प्रयोग दोनदा केला. दोन्ही जंतू पुष्कळ वेळ शेजारी ठेवले, थोडे थंड ठेवले, सगळं इंदिरानं केलं तसं. निदान तिला जेवढं माहीत होतं तेवढं. दोन्ही वेळा प्लेटा कोऱ्या निघाल्या. "कदाचित मॅडमच्या हातातच काही असेल," ती म्हणाली. "नाहीतर त्यांनाही आलं नसेल. आता माझा प्रबंध द्यायची वेळ आलीय, काका. मी जुन्या जंतूवरच लिहून देतेय. माझी शिष्यवृत्ती संपतेय."

"लिही. आईवडील वाट बघत असतील. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"तुम्ही घेताय ना."

"माझं वेगळं आहे."

कामशेतच्या बाजारात नंदाबाई त्याला भेटली तेव्हा उन्हाळा लागला होता. तो एका दुकानाला भरलेली मोटर पोचवायला गेला होता. ती कांदे निवडत होती. त्याला बघताच तिनं कांदे ठेवले. "भाऊ, तुमी काय कळवलं न्हाई."

त्यानं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. कपाट, कागद, पाणी, सगळं. आपण काय सांगितलं होतं तेही सांगितलं.

नंदाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पानी घालायला मानूस न्हवतं, म्हनून गेलं?"

"माणूस होतं. मी घालू दिलं नाही."

"असं व्हय." तिनं कांदेवाल्याला पैसे दिले. "मग माजं रगत फुकटच गेलं म्हना की."

"फुकट नाही. जंतू आहे अजून."

"त्यो असनारच. त्यो कुटं जातोय?" थोडं चालल्यावर ती वळली. "दुसरं रगत लागलं तर सांगा. मी दिईन. माजं रगत घ्याया बाईला लय वाईट वाटायचं. दर बारीला इचारायची बिचारी, दुकलं का, दुकलं का."

"आता तुमच्या रक्तात तो नाही, मावशी. तुम्ही बऱ्या झालात."

"झाले खरी," नंदाबाई म्हणाली. "तुमी घरला जावा. उनाचं उबं ऱ्हाऊ नका."

यंदाची आवणी जवळ आली आहे. वरदनं दोनदा बोलावलं, श्रीपाद एकदा आठ दिवस जाऊन आला. इंदिराचं टेबल त्यानं आणि अपूर्वानं मिळून आवरलं. कप त्यानं घरी आणला. संस्थेत तिची जागा अजून भरलेली नाही. जाहिरात निघेल असं कानिटकर सर म्हणतात. बटण तयार आहे. नंदाबाईच्या रक्तातला जंतू जिवंत आहे. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत गोठवून ठेवलेले आहेत. एक दुसऱ्यात बसवायचं काम अजून कुणी केलेलं नाही.